भिंतीत राहणारी मुलगी

आमच्या शेठच्या घरात चमचे कधीच पुरायचे नाहीत. चार माणसं जास्त आली की काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, खिसे रिकामे करा!" मग शेठ निमूटपणे शर्टातून, पँटमधून आणि एकदा तर मोज्यातूनही स्टीलचे चमचे काढून टेबलावर मांडायचे. त्या चमच्यांनी ते लोकांच्या भिंती वाजवत. प्लास्टर कुठे सुटलंय, आत कुठे पोकळ झालंय हे त्यांना आवाजावरून कळायचं. हातोडीही चालली असती, पण हातोडी बघितली की घरमालक घाबरतो आणि चमचा बघितला की चहा टाकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याबरोबर काम करताना मी जेवढा चहा प्यायलो तेवढा पुन्हा कधी प्यायलो नाही.

शेठचा धंदा वॉटरप्रूफिंगचा. निगडी डेपोच्या मागे एक गाळा होता, त्यात रसायनांचे डबे, शिड्या, दोऱ्या आणि शेठ. मी उदगीरहून डिप्लोमा करून आलेलो, सांगवीला मामाकडे राहायचो आणि शेठकडे साइट सुपरवायझर होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "राव, आपला धंदा काय?"

"भेगा बुजवायचा."

"चूक. भेगेत कोण राहतंय ते आधी बघायचं. मग बुजवायचं."

मला वाटलं, पालींबद्दल बोलतायत. मी मान डोलावली.

गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग, खिशात चमचे आणि तोंडात सदैव शिट्टी असा हा माणूस. मूळचा माण तालुक्यातला, म्हणजे जिथे ढगसुद्धा रस्ता चुकल्यावरच येतात तिथला. साताऱ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकला आणि लग्नात बायकोबरोबर सासऱ्यांचा वॉटरप्रूफिंगचा धंदाही पदरात पडला. दुसऱ्या कुणी शिकलेलं विसरून धंदा केला असता. शेठनी दोन्हींचा एकमेकांशी संसार लावून दिला.

सांगवीतली एक सोसायटी मला अजून आठवते. चार मजल्यांची भिंत ओली आणि पाणी येतंय कुठून ते कुणालाच कळेना. सगळे सभासद खाली जमलेले, प्रत्येकाचा संशय वरच्या मजल्यावर. शेठनी पाइप बघितले नाहीत, टाकी बघितली नाही. समोरच्या फुटपाथवर खुर्ची मागवली, भिंग डोळ्याला लावलं आणि ज्योतिषाने पत्रिका वाचावी तशी भिंत वाचायला लागले.

"तळमजल्यावर शेवाळ. म्हणजे इथे पाणी मुक्कामाला आहे. पहिल्या मजल्यावर नेचा. त्याला ओल हवी आणि सावली हवी, म्हणजे पाइपामागे झिरपतंय. दुसऱ्या मजल्याच्या वर मात्र काहीच उगवलेलं नाही. तिथे साबण आहे हो! साबणाच्या पाण्यात कोण राहणार? सगळ्यात वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन कुणाचं?"

गर्दीतल्या एका गृहस्थांनी हळूच हात वर केला. त्यांच्या मशीनचा पाइप खरोखरच भिंतीच्या आत निसटलेला निघाला. सोसायटीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. लगेच शेठनी त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला, की तो नेचा फार सुरेख आहे, तेवढी हातभर भिंत रंग न देता सोडाल का? टाळ्या जागच्या जागी थांबल्या. शेवटी तो नेचा काकूंच्या भुवया कोरायच्या चिमट्याने अलगद निघाला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून स्कूटरच्या डिकीतून निगडीला गेला. शेठच्या बंगल्याच्या कुंपणाची भिंत म्हणजे अशा बेघर झालेल्यांची वसाहत होती.

त्यांचं वैर एकट्या पिंपळाशी होतं. गच्चीच्या कठड्यात पिंपळाचं रोप दिसलं की आमचे गडी मागे सरायचे. पिंपळाला हात लावायला कुणी तयार होत नसे. मग शेठ चपला काढून पुढे जायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "महाराज, तुम्हाला सगळी धरती मोकळी आहे. हा कठडा तेवढा सोडा." एवढं बोलून मुळापासून उपटायचे. गडी लोकांना त्यामुळे बरं वाटायचं. पिंपळाला काय वाटायचं ते कळायला मार्ग नाही.

आणि त्यांचं प्रेम होतं भिंतचट्टीवर.

हे नाव गुजरातीतलं, भिंत चाटणारी अशा अर्थाचं. आपल्याकडे काही जण तिला ढोल म्हणतात, पण ते नाव शेठना मुळीच पटायचं नाही. "एवढ्या नाजूक पोरीला ढोल?" असं म्हणून ते चिडायचे. राजस्थानच्या वाळवंटी खडकांपासून आपल्या काळ्या कातळापर्यंत कुठेही दगडाच्या भेगेत ही उगवते. वीतभर झुडूप, मऊ पानं, आणि नखाएवढं पिवळं फूल, बोलता बोलता ओठ उघडे राहावेत तसं.

"राव, वाळवंट बघायला जैसलमेरला कशाला जायचं?" घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीसमोर मला उभं करून ते सांगायचे. "ही भिंत बघा. दिवसभर ऊन, चिमूटभर माती, आणि पाणी आलं तरी थांबत नाही. वाळवंटच आहे हे, नुसतं उभं केलेलं. आता हिचं पान बघा. लव दिसते का? ती हिची गोधडी. उन्हाची झळ थेट पानाला लागत नाही, आतली ओल उडून जात नाही. मूळ केसासारखं. भेग वळेल तसं वळतं, भेगेला ढकलत नाही. पिंपळ घर फोडून राहतो, ही मिळेल त्या जागेत राहते. बी म्हणाल तर नुसती धूळ. वारा आणतो आणि भेगेत टाकून जातो. उन्हाळ्यात वाळून काडी होते, लोक मेली म्हणतात. पाऊस झाला की बुडाशी पुन्हा पान! आणि हे फुलाच्या घशातले तांबडे ठिपके बघितले का? मधमाशीसाठी रनवेचे दिवे आहेत ते!"

एवढं बोलून झाल्यावर त्यांना धाप लागायची. मलाही लागायची, कारण तोवर आम्ही दोघं एकाच शिडीवर लटकत असायचो.

ही भिंतचट्टी शेठच्या स्वतःच्या बंगल्यात, गच्चीच्या स्लॅबखालच्या एका भेगेत राहत होती. तिच्या मागेच हॉल. हॉलच्या भिंतीवर बरोब्बर तिच्या पाठीमागे ओलीचा मोठा डाग. म्हणजे अख्ख्या पिंपरी-चिंचवडच्या गच्च्या कोरड्या करणाऱ्या माणसाच्या हॉलमध्ये ओल. काकू तो डाग कॅलेंडरने झाकायच्या. डाग वाढला की मोठं कॅलेंडर यायचं.

"मला दोन मुली," काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "एक हिंजवडीला जाते, एक भिंतीत राहते. हिंजवडीवालीचं लग्न करायचंय आणि हे भिंतीतलीच्या काळजीत."

हिंजवडीला जाणारी सोनकी. हे नावही शेठनीच डोंगरावरच्या फुलावरून ठेवलेलं, आणि त्यावरून बारशाला भांडण झालेलं.

मी एकदा धीर करून विचारलं, "शेठ, भेग बुजवून टाकू ना. अर्ध्या दिवसाचं काम."

"राव, तुम्ही माझ्याकडे काय शिकलात?" ते खरोखर दुखावले. "पाणी साचतं तिथे ही कुजते. पाणी जिथून निघून जातं तिथे ही राहते. म्हणजे ही भेग गळत नाही, ही भेग घराचं पाणी बाहेर काढते. गच्चीच्या कोब्याखाली जे मुरतं ते इथून जातं. हिला बंद केलं तर पाणी दुसरी वाट शोधेल."

"मग गच्चीचा कोबाच नवा करू."

शेठनी गळ्यातलं भिंग शर्टाला पुसलं. मग हळूच म्हणाले, "मग ती प्यायची काय?"

मी शिडी उचलली.

असं सगळं चालू असताना सोनकीचं ठरायला आलं. मुलगा निखिल, तिच्याच ऑफिसातला. दोघांचं आपापसात केव्हाच ठरलेलं, आणि सोनकीला दुसरा कुणी नकोच होता. निखिलचे वडील चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सचे प्रमुख. घर रावेतला, नव्या टॉवरमध्ये. माणूस शिस्तीचा. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "माणूस कळायचा तर घर बघावं. घर बघून ठरवू." निखिलही वडिलांच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. दिवाळी झाल्यावर एका रविवारी यायचं ठरलं.

त्या वाक्याने काकूंची झोप उडाली. "मेंटेनन्सचा माणूस येतोय हो! त्याला कॅलेंडरमागचं दिसणार नाही? वॉटरप्रूफिंगवाल्याचंच घर गळतंय म्हणेल. पोरीचं मोडेल माझ्या." सोनकी जेवता जेवता ताटावरून उठून गेली. शेठ त्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पॉलिमरचा माल कालवायला सांगितला. कोबा उखडून नवा करायला वेळ नव्हता. गच्चीवर वरून कोटिंग मारायचं आणि भेग बुजवायची, एवढंच शक्य होतं. भिंतचट्टी फुलावर होती. चिमट्याने काढायला गेले तर मूळ आत कुठल्या कुठे गेलेलं, ते तुटलं. शेठनी ती मूठभर हिरवळ खिशात ठेवली आणि भेग स्वतःच्या हाताने बुजवली. इतक्या वर्षांत मी त्यांना शिट्टीशिवाय काम करताना पहिल्यांदाच बघत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय म्हणून स्वतःचा रागही आला. शेवटी झुडूपच ते.

संध्याकाळी सोनकी घरी आली, गुळगुळीत भिंत बघितली आणि तडक आपल्या खोलीत गेली. दोन दिवस ती बापाशी बोलली नाही.

आमच्या धंद्यात काम झालं की पॉन्डिंग करतात. गच्चीचे पाइप बंद करायचे, कडेने मातीचे बांध घालायचे, गच्ची पाण्याने भरायची आणि काही दिवस खाली गळतंय का बघायचं. शेठनी स्वतःच्या गच्चीवरही तेच केलं. रविवारला अवकाश होता. तोवर चाचणी पुरी होणार होती.

आणि गुरुवारी सकाळी निखिलच्या वडिलांचा फोन आला. रविवारी कंपनी चालू ठेवायचं ठरलंय, त्याबदली आज गुरुवारी सुट्टी दिलीय, तेव्हा आजच दुपारी येतो.

"आधी वरचं पाणी सोडा!" काकू म्हणाल्या.

"पॉन्डिंग अर्ध्यात मोडायची नाही. मी गिऱ्हाइकाच्या घरीसुद्धा मोडत नाही."

"अहो, हे गिऱ्हाईक नाही, व्याही आहे!"

"म्हणूनच," शेठ म्हणाले.

मला सोफा सरकवायला बोलावलं होतं. डागावर रंग दिलेला, कॅलेंडर गेलेलं, हॉल नुसता लखलखत होता. गुरुवार म्हणजे आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जायचा दिवस, त्यामुळे लाइट नव्हती. पंख्याचं बटण चालूच राहिलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

निखिल, वडील आणि आई असे तिघं आले. वडील पंख्याखालच्या सोफ्यावर बसले. नजर भिंतीवरून, छतावरून, खिडकीच्या चौकटीवरून फिरत होती. आई चाकणजवळच्या शेतकरी घरातल्या, मोकळ्या स्वभावाच्या. "घर झ्याक ठिवलंय," असं त्या म्हणाल्या आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. सोनकीने पोहे आणले. निखिलच्या वडिलांनी पहिला घास घेतला, मान हलवली आणि म्हणाले, "भिंती कोरड्या आहेत. आवडलं."

तेवढ्यात त्यांच्या पोह्यांवर, लिंबाच्या फोडीशेजारी एक थेंब पडला.

त्यांनी वर बघितलं. दुसरा थेंब चष्म्यावर पडला. पंख्याच्या हुकातून पाणी उतरत होतं आणि पंख्याच्या वरच्या वाटीत साचत होतं. मी बटणाकडे धाव घेतली. काकूंनी देवाचं नाव घेतलं. आणि त्याच क्षणी लाइट आली.

पंखा एकदा घरघरला आणि फिरायला लागला. वाटीतलं सगळं पाणी गोल गोल उडून हॉलभर शिंपडलं गेलं. पोह्यांवर, निखिलवर, त्याच्या आईच्या पैठणीवर, नव्या रंगावर. मी बटण बंद करेपर्यंत कोरडा माणूस शिल्लक राहिला नव्हता.

आता शेठ मान खाली घालतील असं कुणालाही वाटलं असतं. हा माणूस सोफ्यावर चढला! दोन्ही हात वर करून ओरडला, "बघितलंत? बघितलंत ना? पाणी दुसरी वाट शोधेल म्हटलं होतं मी! सांगा राव, म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शेठनी माझ्या पिशवीतली छिन्नी-हातोडी ओढली आणि बाहेर पळाले. त्यांच्यामागे निखिलचे वडील, त्यांच्यामागे काकू सोडून आम्ही सगळे, काही जण हातातल्या पोह्यांच्या बशीसकट. शेठ शिडीवर चढले आणि चार घावांत आपलंच काम फोडून काढलं. भेगेतून पाण्याची धार सुटली ती थेट खाली उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या गाडीच्या टपावर. आतून काकूंचा आवाज आला, "थांबलं हो! पंख्यातलं थांबलं!"

शेठ शिडीवरच शिट्टी वाजवायला लागले. मग शिट्टी बंद पडली. ते भेगेत करंगळी घालून काहीतरी चाचपत होते. कुणाला कळलं नाही, मला आणि सोनकीला कळलं.

निखिलचे वडील खालून म्हणाले, "पाणी इथूनच जातं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग बुजवलंत का?"

शेठ शिडीवरून खाली बघत म्हणाले, "तुम्ही म्हणालात, घर बघून ठरवू."

गाडीच्या टपावर पाणी वाजत होतं तेवढाच आवाज. सोनकी शिडीला धरून उभी राहिली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला कोरडं घर नको होतं, बाबा. ती हवी होती."

"कोन ती?" निखिलच्या आईने विचारलं.

सोनकीने फोनमधला फोटो दाखवला. भेग, पानं, पिवळी फुलं. त्यांनी तो फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"अगं बया, ही तर आमच्या हिरीतली! हिरीच्या दगडादगडात असायची. आमी पोरी पाण्याला गेलो की हिची फुलं कानात घालायचो. हीर कंपनीच्या कंपौंडात गेली अन बुजवली, तवापासून न्हाई बघितली." त्या फोटोकडे बघतच राहिल्या. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय आमाला. पन ही दुसरी बी बघायची हाय. उगवली की बोलवा."

निखिलचे वडील चष्मा पुसत म्हणाले, "पोहे पुन्हा करा. हे भिजले." आणि काकू पदर डोळ्यांना लावून आत पळाल्या.

लग्न उन्हाळ्यात झालं. भेग उघडीच होती. शेठनी गच्चीच्या कोब्याला हात लावला नाही, आणि आता काकूही काही म्हणेनात. पाऊस आला, भेगेत शेवाळ आलं. एक पिंपळ आला, त्याला हात जोडून काढला. भिंतचट्टी आली नाही. मी तोवर चाकणला एका कंपनीत नोकरीला लागलो होतो, पण सुट्टीच्या दिवशी जाऊन यायचो. शेठ भेगेसमोर खुर्ची टाकून बसलेले असत. शिट्टी बंद. मीही शेजारी बसून भेगेकडे बघायचो.

दसऱ्याच्या सुमाराला, मी शिफ्टवर असताना त्यांचा फोन आला.

"राव, आली!"

मी लाइनवरच एवढ्या जोरात ओरडलो, की शेजारच्या पोराने मशीन थांबवलं. त्याला वाटलं, मला मुलगी झाली.

शेठच्या जावयाच्या दिवाळसणाला मलाही बोलावणं होतं. भिंतीत वीतभर झुडूप आणि त्यावर पाच-सहा पिवळी फुलं. निखिलच्या आई खण-नारळ घेऊन आल्या होत्या. मी शिडी धरली, त्या नऊवारीचा काचा मारून वर चढल्या, भेगेच्या कडेला हळद-कुंकू लावलं आणि एक फूल तोडून कानात घातलं. फूल तोडल्यावर शेठ अंगणात कळवळले.

त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. काकूंनी सकाळीच खिसे तपासलेले, त्यामुळे सगळे चमचे टेबलावर होते. पोह्यांच्या बशा फिरल्या. सोनकीच्या वेळी गडबडीत जे विचारायचं राहून गेलं होतं ते विचारायला शेठ पुढे झाले. व्याह्यांसमोर हात जोडून उभे राहिले. चेहरा थेट मुलीच्या बापाचा झाला होता.

"पसंत आहे ना?"

निखिलच्या वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि वर भिंतीकडे नीट बघून घेतलं.

"पसंत आहे," ते म्हणाले. "रावेतला आमच्या बाल्कनीत एक भेग पडलीय. मी माल आणून ठेवलाय, पण सूनबाई बुजवू देत नाहीत. हिला कधी पाठवताय?"

शेठनी सवयीने खिसा चाचपला. चमचा नव्हता. मग त्यांनी मान वर केली, भिंतीकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर, भरल्या डोळ्यांनी, शिट्टी वाजवायला सुरुवात केली.